बॅनरवर कोणालाच पाय नसतात

आधीच सांगून टाकतो, नंतर तोंड वाकडं करू नका. गावाकडचा पोरगा मुंबईत येऊन कॉम्प्युटरवर फोटोचं काम शिकतो म्हटलं की तुमच्या डोक्यात गोष्ट तयार झालीच असणार. ट्रंकेत आजोबांचा पिवळा पडलेला फोटो सापडणार, पोरगा तो बसून नवाकोरा करणार, आईच्या हातात देणार, आई डोळ्याला पदर लावणार, आणि तुम्ही रुमाल काढणार. रुमाल ठेवा खिशात. आजोबांचा फोटो आमच्याकडे एकच आहे, तो एकदम झकास आहे, त्याला मी हात लावलेला नाही. ह्या गोष्टीत सगळे जिवंत आहेत, धडधाकट आहेत, नवे कपडे घालून फोटोला उभे आहेत. फक्त एक जण फोटोत नाही. तो मी.

पोरगीपण नाहीये. तेही आत्ताच सांगतो, शेवटपर्यंत वाट बघत बसू नका.

आमचं घर कुडाळच्या पुढे, एसटी जिथे वळून परत फिरते तिथे. गणपती अकरा दिवसांचा, आणि सगळ्या चुलत्यांचा मिळून एकच. चतुर्थीला दुपारची आरती झाली की नैवेद्याच्या आधी सगळ्या घराचा एक फोटो निघतो. मोठे काका तो तालुक्याच्या स्टुडिओतून मोठा करून आणतात, फ्रेम करतात, आणि बाप्पा जायच्या आधी ती फ्रेम ओटीवरच्या भिंतीवर लागलीच पाहिजे. का, तर बाप्पाने बघून जायला पाहिजे की यंदा कोण कोण होतं. भिंतीवर अशा फ्रेमांची रांग आहे. मी जन्मलो त्या वर्षापासून एकही फ्रेम अशी नाही, जिच्यात मी नाही. आधी आईच्या कडेवर, तोंडात मूठ घालून. मग हाफ पँटीत. मग पुढच्या दोन दातांशिवाय. एका वर्षी गालगुंड झालं होतं, तरी मफलर बांधून उभा आहे, भोपळ्यासारखा. मग मिशी फुटली ते वर्ष, त्यात मान जरा जास्तच वर.

ह्या फोटोचा एक नियम आहे. तो मोठ्या काकांचा. "जो आरतीक नाय, तो फोटोत नाय." आणि काका म्हणजे काका. एका वर्षी पुण्याच्या काकांची गाडी घाटात अडकली. काकू आणि पोरं आधीच येऊन बसली होती, हे मागून आले. पोचले तेव्हा आरती संपून पाच मिनिटं झाली होती. अंगणात बॅग टाकून धावत आले बिचारे. मोठ्या काकांनी हात वर केला, ट्रॅफिक पोलिसासारखा. त्या फ्रेममध्ये काकू आहे, पोरं आहेत, पुण्याचे काका नाहीत. अजूनही घरी आले की ते त्या फ्रेमकडे पाठ करून बसतात.

हे सगळं मला जूनपासूनच आठवायला लागलं होतं, कारण मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात फ्लेक्स छापायच्या कामाला होतो. फ्लेक्स म्हणजे तेच, चौकाचौकात लटकतात ते. हार्दिक स्वागत, हार्दिक शुभेच्छा, सगळं हार्दिक. गणपती म्हणजे आमचा सीझन. गाळ्यात आम्ही तिघं कोकणातले, आणि एकाने थांबायचं हे ठरलेलं. दोघं जुने, एक नवा. सांगायला नको कोण थांबला. शेठ वाईट माणूस नाही, त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "देख, तू नवीन आहेस ना. पुढच्या साली तू पहिला जा. ये साल जरा संभाल ले." मी बरं म्हणालो. बरं म्हणायला किती वेळ लागतो?

आईला फोन केला, तर ती म्हणाली, "बरां." तिलाही तेवढाच वेळ लागला. मग म्हणाली, "फोटो असतलो रे."

तेवढंच. पण मी दहिसरला खोलीवर पोचेपर्यंत तेच डोक्यात घेऊन आलो. यंदाची फ्रेम लागणार, आणि त्यात मी नसणार. पुढच्या वर्षी जाईन, पुढच्या वर्षीच्या फोटोत असेन, पण यंदाची फ्रेम भिंतीवरून कोण काढतो? मी म्हातारा झालो तरी ती तिथेच, आणि मी तिच्याकडे पाठ करून बसलेला.

तेव्हा डोक्यात आलं. आमच्या गाळ्यात तर रोज हेच चालतं! ज्या लोकांनी आयुष्यात एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही, ते आमच्या बॅनरवर खांद्याला खांदा लावून हात जोडतात. मग मी माझ्याच घरच्या फोटोत का नाही?

अडचण एकच. मला त्यातलं शष्प येत नव्हतं. माझं काम मशीनवरून फ्लेक्स उतरवणं, कापणं आणि दोरी ओवायला कडेने रिंगा ठोकणं. कॉम्प्युटर म्हणाल तर आमच्या शाळेत एक होता, त्यावर फुलाफुलांचं कव्हर. त्याला मी हात लावला तो वर्षातून एकदा, दसऱ्याला, हळद-कुंकू वाहायला. एका वर्षी मास्तरांनी कीबोर्डवर अक्षता टाकल्या. नंतर तो चालू झाला की नाही, कोणालाच माहीत नाही, कारण आधी चालू होता की नाही हेही कोणाला माहीत नव्हतं.

मला येत होती ती एकच कला, आवाज काढायची. पाचवीत असताना दाराआडून हेडमास्तरांच्या आवाजात "पाचवी अ, आज सुट्टी, गडबड न करता घरी जा" म्हणालो होतो, आणि अख्खा वर्ग गडबड न करता घरी गेला होता. मोठ्या काकांचा आवाज तर इतका हुबेहूब की एकदा काकी आतून चहा घेऊन आली. फक्त आईचा आवाज मला कधी जमला नाही. सुरुवात करतो आणि चार शब्दांत माझाच होतो.

आमच्या गाळ्यात डिझाइनचं काम एक ताई करायची. बोरिवलीची, जन्मापासून तिथलीच, चष्मा डोक्यावर, तोंडात सतत बडीशेप. मी तिला म्हणालो, "ताई, मला शिकव ना."

"काय करायचंय तुला शिकून?"

"असंच."

"असंच म्हणून कोणी येत नाही. खरं सांग."

सांगितलं. ती बडीशेप चावत राहिली. मग म्हणाली, "सकाळी आठला ये. दहाला मशीन चालू होतं, तोपर्यंत माझं डोकं शांत असतं. आणि मला आवाज-बिवाज काढून दाखवायचे नाहीत."

तर मी रोज आठला. त्या सॉफ्टवेअरचं नाव तुम्हाला माहितीय, मी घेत नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत ना, तसं आमचं. नुसतं 'ते' म्हणायचं. ते उघडायलाच दोन मिनिटं घ्यायचं, आणि उघडलं की डाव्या बाजूला ही चित्रांची रांग. ब्रश, कात्री, पेन, हात, थेंब. मला वाटलं, शाळेत चित्रकलेची परीक्षा दिलीय आपण, हे काय, चुटकीसरशी.

"माऊस सैल धर," ताई म्हणाली. "कोंबडी पकडल्यासारखा काय धरतोस? पळणार नाही तो."

पहिल्याच दिवशी मी एका मंडळाच्या खजिनदाराचा कान कापला. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला कान परत दिला, पण दुसऱ्याचा. ताईने चष्मा खाली घेतला, बघितलं, आणि म्हणाली, "ह्याच्या बायकोने ओळखलं नाही तर तू जाणार का घरी?"

केसांभोवती कापणं म्हणजे तर छळ. माणसाच्या कडेने एकेक टिंब देत जायचं, टिक, टिक, टिक, आणि शेवटचं टिंब पहिल्याला नेऊन भिडवायचं. मध्येच चुकीच्या जागी क्लिक झालं की सगळं गायब. मग पुन्हा कानापासून. मोबाईलवर एका माणसाचे व्हिडिओ बघायचो, तो प्रत्येक वाक्यात "बहुत ही आसान है दोस्तों" म्हणायचा. त्याचा आवाज मला तीन दिवसांत आला. काम यायला दोन महिने लागले.

लेयर म्हणजे काय, तेच डोक्यात जाईना. ताई म्हणायची, "काचा रे, काचा. एकावर एक ठेवलेल्या." मला कळलं ते गावच्या नाटकाच्या पडद्यांवरून. मागे जंगलाचा पडदा, पुढे महालाचा, आणि कोणी दोरी चुकीची ओढली की राजा जंगलात. "हां, तसंच," ताई म्हणाली, "तू दोरी चुकीचीच ओढतोस."

एकदा ऐन सीझनमध्ये, बाहेर मंडळांची पोरं बॅनरसाठी दारात उभी, आणि कॉम्प्युटर अडकला. गोल गोल फिरतोय नुसता. शेठ घामाघूम. मला राहवलं नाही. मी दोन्ही हात जोडले, मॉनिटरसमोर उभा राहिलो, आणि मोठे काका देवासमोर घालतात तसं त्यांच्याच आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं:

"बा देवा म्हाराजा! आज ह्या चारकोपच्या गाळ्यात ही जी काय लेकरां उभी असत, त्यांचो ह्यो कॉम्प्युटर अडकलेलो हा. काय कोणाची चूकभूल झाली असात, कोणी अर्धवट ज्ञानान खयचां बटण दाबल्यान असात, तर ता पोटात घाल, आणि जी काय फाईल असात ती सेव्ह करून दी रे म्हाराजा!"

दारातली पोरं ओरडली, "होय म्हाराजा!" मशीनवरचे दोघं भैये, त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, तेही ओरडले, "होय महाराजा!" आणि आईशप्पथ सांगतो, कॉम्प्युटर सुरू झाला. शेठने त्या दिवशी मला चहा आणायला पाठवलं नाही, माझ्यासाठी मागवला.

पण नंतर मी मागच्या बाजूला जाऊन जरा वेळ उभा राहिलो. काकांचा आवाज माझ्याच तोंडातून इतका जवळून ऐकू आला होता की बस. गाऱ्हाणं संपलं की काका खांद्यावरचा पंचा झटकतात. माझ्या खांद्यावर पंचा नव्हता, तरी हात गेला होता.

ताईने एक गोष्ट मात्र पहिल्यापासून बजावली होती. "बॅनरवर कोणालाच पाय नसतात, बघितलंस कधी?" मी भिंतीवरचे नमुने बघितले. खरंच की! शंभर माणसं, दोनशे जोडलेले हात, आणि पाय एकाचेही नाहीत. सगळे कमरेपासून फुलांच्या माळेत बुडालेले. "कारण पाय टेकवणं सगळ्यात कठीण. सावली जरा इकडची तिकडे झाली की माणूस तरंगतो. म्हणून कमरेला कापायचं, खाली फुलं टाकायची, विषय संपला. तूपण तुझं तसंच कर. मागच्या रांगेत मुंडी घाल आणि मोकळा हो."

मला तेच करायचं होतं. माझी जागा ठरलेली. मागची रांग, आईच्या डाव्या हाताला, चुलतभावाच्या शेजारी. पुढे काकू आणि पोरं चटईवर बसतात, त्यामुळे मागच्यांचे पाय झाकलेलेच. आई उभी राहायची तिथे शेजारी मी, एवढा मोठा झालो तरी. खांद्यापासून वर दिसलो तरी बास.

चतुर्थीचा दिवस उजाडला. दहिसरला मी आत्याच्या खोलीत राहायचो, आत्यापण गावाला गेलेली. सकाळी शेजाऱ्यांकडून एक उकडीचा मोदक आला, तो डब्यात घालून गाळ्यावर गेलो. दुपारी दीड वाजता धाकट्या बहिणीने फोटो पाठवला. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की ग्रुपवरचा नको, तो बारीक होऊन येतो, पूर्ण मोठा पाठव.

उघडला. आणि आधी मी काय शोधलं असेल? जागा. आईच्या डाव्या हाताला.

जागा नव्हती. तिथे नवी वहिनी उभी होती, चुलतभावाची बायको, लग्नानंतरची पहिलीच चतुर्थी. आई तिच्या खांद्यावरचा पदर नीट करत होती, हात तसाच फोटोत आलेला.

बहिणीला फोन लावला. "मध्ये जागा नाय सोडलीत?"

"कसली जागा?"

"काही नाही, अशीच."

"काका म्हणाले, सरका सरका. सरकली सगळी. का रे?"

"काही नाही."

राग कोणावर काढणार? वहिनीवर? ती बिचारी इतकी घाबरून उभी होती की कुंकू घामाने ओघळलं होतं. रांग म्हणजे रांग, एक जण कमी झाला की ती मिटतेच. मला आपलं वाटत होतं की माझ्या आकाराचं एक भोक राहील. मधल्या भिंतीचा रंग दिसेल.

त्या दिवशी काम चार वाजता जरा ओसरलं, तेव्हा ताई म्हणाली, "बस माझ्या जागेवर. मी जेवून घेते." मी फोटो उघडला आणि मोठा करत गेलो. दुप्पट, चौपट. तुम्ही कधी तुमचं घर असं बघितलंय का? मी घरात फिरत होतो यार. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बघितली, म्हणजे ती लाकडी चौकट, तिला फळं आणि रानातल्या फांद्या बांधतात. यंदा कवंडळं, ती उंच वेलीवरची रानफळं, जास्त होती, लालभडक, म्हणजे बहीण एकटी रानात गेली नव्हती, कोणीतरी उंच माणूस बरोबर होता. माझं काम ते. उंचावरची मी काढायचो. उजव्या बाजूला दार, दारामागे तांदळाच्या पिंपाचा कोपरा, पिंपावर माझी जुनी निळी टोपी. दोन वर्षं झाली, कोणी उचलली नव्हती. पुण्याचे काका अगदी पहिल्या नंबरात, केस ओले, म्हणजे आदल्या रात्रीच येऊन राहिले असणार. मोठ्या काकांची छाती फुगलेली. चटईच्या कडेला कुत्र्याचं शेपूट, फक्त शेपूट.

मग आईचा चेहरा. अजून मोठा केला, अजून. मला बघायचं होतं की ती खूश आहे की नाही. पण आठपट केला की माणूस राहतच नाही, नुसते चौकोन. सहा-सात तपकिरी, दोन काळे, एक लाल. लाल म्हणजे टिकली. मी त्या चौकोनांकडे बघत बसलो. ताई डबा धुऊन आली, मागे उभी राहिली. मग म्हणाली, "झूम कमी कर. तिथे काही नसतं."

मधे मी घुसू शकत नव्हतो. वहिनीला हलवणं तर पापच, आईचा हात तिच्या खांद्यावर. राहिली ती रांगेची कड, दाराजवळ, मोठ्या चुलतभावाच्या पलीकडे. चटई अलीकडेच संपते. म्हणजे तिथे जो उभा राहणार, तो डोक्यापासून पायापर्यंत दिसणार.

"पाय येणार," ताई म्हणाली.

"येऊ दे. टेकवतो."

"मोठा आला टेकवणारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनेच माझा फोटो काढला, गाळ्याच्या बाहेर, शटरसमोर. चतुर्थीसाठी घेतलेला कुर्ता मी आतापर्यंत घडीतच ठेवला होता, तो घातला. ताई हात धरून मला फिरवत होती. "घरी दार तुझ्या डाव्या हाताला ना? मग उजेड डावीकडून. इकडे वळ. हात जोड. हसू नको एवढा, तू आरतीनंतर उभा आहेस, लग्नात नाही." समोरच्या गाळ्यातले दोघं चहा पीत बघत होते. एक म्हणाला, "शादी का है क्या?" मी त्या व्हिडिओवाल्याच्या आवाजात म्हणालो, "बहुत ही आसान है दोस्तों."

मग चार सकाळी मी तेच केलं. स्वतःला कापणं दुसऱ्याला कापण्यापेक्षा अवघड असतं. दुसऱ्याचा कान गेला तरी चालतो. कपाळावर ब्रशने गंध लावलं, तेही काका लावतात तसं, जरा तिरकं. चुलतभावाच्या खांद्याची कड माझ्यावर थोडी आणली, म्हणजे आम्ही खेटून उभे आहोत असं वाटावं. माझा चेहरा ट्यूबलाइटमध्ये राहून राहून पांढरट झाला होता, त्यावर घरातल्यांच्या चेहऱ्यांचा रंग घेऊन चढवला. आईच्या गालावरून घेतला, खरं सांगायचं तर.

आणि मग सावली. दोन अख्ख्या सकाळी मी फक्त सावली केली. जमिनीवरच्या लाद्यांच्या रेघा, मोठ्या चुलतभावाची सावली कुठे पडलीय, किती लांब, कुठे गडद, कुठे विरत जाते. टाचेखाली काळी, पुढे राखाडी, मग काहीच नाही. तरंगत होतो, तरंगत होतो, आणि अचानक टेकलो! म्हणजे खरंच, एक क्षण असा आला की त्या लादीवर माझं वजन पडलं. मी खुर्चीत बसल्या बसल्या पायाची बोटं दाबून बघितली.

ताईला बोलावलं. तिने चष्मा खाली घेतला. बघितलं, अजून बघितलं. "सावली जमली रे," ती म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

पुढचं काम बहिणीचं. काकांना फोनवरून स्टुडिओत फोटो पाठवता येत नाही, ते तीच करते.

"हा पाठव," मी म्हणालो.

तिने फोटो उघडून बघितला. मग म्हणाली, "दादा, तू उभा आहेस इथे."

"हो."

"काका जीव घेतील."

"फ्रेम लागू दे. मग घेऊ दे."

"माझा घेतील रे!"

पण पाठवला तिने. दहाव्या दिवशी काकांनी गुंडाळलेली फ्रेम आणली, खिळा आधीच ठोकलेला होता, संध्याकाळच्या आरतीच्या गडबडीत ती लागलीसुद्धा. बहिणीने लांबून भिंतीचा फोटो काढून पाठवला. फ्रेमांची रांग, आणि शेवटच्या फ्रेममध्ये, कडेला, मी. मी तो फोटो गाळ्यातल्या सगळ्यांना दाखवला. भैयांना दाखवला. समोरच्या गाळ्यात जाऊन दाखवला. कोणाला काही कळत नव्हतं की ह्यात बघायचं काय आहे. घरच्या फोटोत घरचा माणूस उभा आहे, त्यात काय!

अकराव्या दिवशी विसर्जन झालं. बाराव्या दिवशी दुपारी, मी रिंगा ठोकत होतो, फोन वाजला. मोठे काका. काका स्वतःहून कधीच फोन करत नाहीत. मी हात पुसले, बाहेर गेलो, उत्तर तयार केलं होतंच, की काका, आरतीच्या वेळी मी इथे मोबाईलवर आरती लावून उभा होतो, म्हणजे एका अर्थी आरतीला होतो.

"आरतीक होतंस?" काकांनी विचारलं.

"काका, मी इथे..."

"होतंस काय नाय?"

"नाय."

 काकांच्या मागे कोणीतरी जमीन झाडत होतं, खराट्याचा आवाज येत होता. मी थांबलो. ते म्हणणार, फ्रेम उतरवतो.

"इलंस तां इलंस," काका शेवटी म्हणाले. "पण मेल्या, ह्या काय? मी बोलाक नको, माझ्या तोंडात वायट येतला. घे गो, तूच बोल ह्याच्याशी."

आणि आई फोनवर आली. तिने हॅलोसुद्धा केलं नाही.

"पायात काय रे तुझ्या?"

मी खाली बघितलं. बूट. पांढरे, निळ्या पट्ट्याचे, गाळ्यात रोज घालतो ते. मग कळलं की ती माझ्या आत्ताच्या पायांबद्दल बोलत नाहीये. दोन सकाळी ज्यांच्या खाली मी सावली घातली होती, टाचेखाली काळी आणि पुढे राखाडी, ते.

"शिरा पडली तुझ्या त्या कॉम्प्युटरार! कुर्तो घातलंस, गंध लावलंस, हात जोडलंस, आणि देवाम्होरे बूट घालून उभो? आमच्या लादयेर? सात पिढयेत कोणी उंबऱ्याभितर चपली नेल्यान नाय, आणि तू एकदम गणपतीच्या पुढ्यात? काल सगळी वाडी विसर्जनाक इली, धाकट्या काकीन पयला बघल्यान, मगे सगळी हसतत. माका काय सांगूचा सुचाक नाय. तो बाप्पा बघून गेलो रे तुका, बुटात! आता वर्षभर थयसर काय सांगतलो तो? रजा मागूक तुका तोंड नाय, आणि बूट घालून घरात घुसूक बरी छाती! हसतंस काय? हसू नको. तुझो काको फ्रेम उतरवूक निघालेलो, मी देऊक नाय. दोन्ही बुटांर काचेवरसून माझ्यो टिकल्यो चिकटवन ठेवलंय. मोठ्यो, लग्नातल्यो. कोणी हात लावूचो नाय त्यांका. शिमग्याक येतलंस तेव्हा तुझ्या हातान काढ. पयले भायर अंगणात पाय धू, मगे ओटयेर चढ. ता सुद्धा सांगूचा लागता? ठेव फोन."